पुढच्या चक्राचे दात

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी छप्पन्नाव्या वर्षी मोटारसायकल शिकायची ठरवली तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही. घरात नवऱ्याशिवाय कुणी नव्हतंच, आणि विरोध कसा करतात हे नवरा तीस वर्षांत विसरून गेला होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा. गल्ली त्याला मास्तर म्हणायची आणि तिला दातबाई.

मोटारसायकल मास्तरच्या वडिलांची. जड, काळी, एका सिलिंडरची, आणि सुरू झाली की शेजारच्या खिडकीतल्या कपबशा वाजवणारी. दवाखान्यामागच्या फरशीच्या अंगणात पत्र्याखाली ती बारा वर्षं उभी होती. दातबाई रोज हात धुताना खिडकीतून तिच्याकडे बघायची. एके दिवशी टॉवेलला हात पुसत ती म्हणाली, "अहो, ही मी चालवणार." मास्तर वह्या तपासत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "कधीपासून?"

गॅरेजवाल्याने येऊन टायर बदलले, पेट्रोलची टाकी धुतली, प्लग बदलला, आणि गाडी सुरू झाली. शाळेच्या मैदानात शिकवणी सुरू झाली. मास्तर शेजारून धावायचा आणि पहिल्या फेरीतच मागे पडायचा. महिन्याभरात तिला गिअर जमले, वळण जमलं, इंग्रजी आठचा आकडाही जमायला लागला. परवान्याच्या परीक्षेची तारीख मिळाली. परीक्षेला गाडी स्वतःची आणायची होती.

परीक्षेच्या नऊ दिवस आधी, रविवारी, दुसऱ्या गिअरमध्ये असताना खालून खडखडखड असा आवाज आला आणि चेन निसटली. इंजिन जोरात फिरत होतं, चाक मात्र जागच्या जागी. दोघांनी ढकलत गाडी घरी आणली.

दातबाईने दवाखान्यातला छोटा आरसा आणि बॅटरी आणली, अंगणात पाट टाकून बसली आणि इंजिनाच्या बाजूचं झाकण काढायला लावलं. आत हाताच्या पंज्याएवढं दातेरी चक्र होतं. चेन पुढून त्याच्यावरूनच फिरते. गॅरेजवाले त्याला पुढचं स्प्रॉकेट म्हणतात. तिने आरसा फिरवून एकेक दाता तपासला. सगळे झिजून एका बाजूला वाकले होते.

"दात गेलेत," ती म्हणाली. "एकही वाचवण्यासारखा नाही. काढावं लागेल."

"दुखेल का?" मास्तरने विचारलं.

नवीन चक्र आणि चेन जुन्या सुट्या भागांच्या दुकानात लगेच मिळाली. अडचण जुनं चक्र काढायची होती. सोमवारी गॅरेजवाला आला. चक्राच्या मधोमध एक मोठा नट होता, त्याला पाना लावून त्याने दोनदा जोर केला आणि पाना पिशवीत टाकला.

"नट गंजून बसलाय, बाई. कापावा लागेल. आणि कापताना आतल्या शाफ्टला, म्हणजे चक्र बसलंय त्या दांड्याला, लागलं तर सगळा गिअरबॉक्स उघडावा लागेल. दोन आठवडे तरी माझ्याकडे जागा नाही."

त्याच संध्याकाळी मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. मास्तरचा थोरला भाऊ बसच्या डेपोत फोरमन होता आणि आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाला होता. जाऊबाई हळू आवाजात बोलत होत्या, म्हणजे तो जवळपासच असणार.

"तुझ्याकडे यांना काही काम आहे का गं? कसलंही चालेल. इथले सगळे नळ दुरुस्त करून झाले. आता चांगले नळ बिघडवून पुन्हा दुरुस्त करतायत. काल माझं शिवणयंत्र उघडलं. बाकी वेळ खिडकीत बसून असतात, जेव म्हटलं की जेवतात. मला बघवत नाही."

"आहे," दातबाई म्हणाली. "अगदी त्यांच्याजोगं काम आहे. पण मी सांगितलं असं सांगू नका. हे फोन करतील."

बुधवारी चार वाजता फोरमन हजर झाला. हातात लोखंडी पेटी, खांद्यावर दीड हाताचा पाण्याचा पाइप. इतकी वर्षं इंजिनांजवळ काढल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, आणि आपल्याला कमी ऐकू येतं म्हणजे जगालाही येत असणार असं समजून तो बोलायचा. गाडीभोवती एक फेरी मारून, खाली वाकून, त्याने नटाकडे पाहिलं.

"एवढासा नट," तो म्हणाला. "मी बसची चाकं उतरवलीत. मास्तर, चहा टाकायला सांग. चहा होईस्तोवर निघेल."

चहा झाला, दुसरा झाला. नट हलला नाही.

फोरमनने काम मात्र नेटकं केलं, हे मान्य करायला हवं. नटाखालच्या पत्र्याच्या वॉशरची दुमडलेली कड त्याने छिन्नीने अलगद सरळ केली. गंज सुटायचं तेल पाजलं. चक्र फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून चेन परत चढवली आणि मास्तरला सीटवर बसवून मागचा ब्रेक दाबायला लावला. मग नटाला पाना, पान्याच्या दांड्यावर पाइप, आणि पाइपाच्या टोकाला तो स्वतः. "डावीकडे सुटतो, उजवीकडे बसतो," असं म्हणत त्याने डावीकडे असा जोर लावला की मास्तरसकट गाडी एक वीत सरकली.

गुरुवारी त्याने टाकी काढून लांब ठेवली आणि नट ब्लो लॅम्पने तापवला. शुक्रवारी पाइपच वाकला. शनिवारी तो घरून त्याहून लांब पाइप घेऊन आला, आणि पाइपाच्या टोकाला दोघे भाऊ मिळून लोंबकळले. मास्तर म्हणाला, "दादा, मला तर वाटतं तो रोज थोडा जास्तच घट्ट होतोय."

"तुझा भूगोल तुझ्यापाशी ठेव," फोरमन म्हणाला.

पण घरी जाताना पेटीतली हत्यारं पुसून एकेक जागेवर ठेवायला त्याला फार वेळ लागला. दातबाईला वाटलं, आपण उगाच बोलावलं. घरी निदान नळ तरी त्याचं ऐकत होते.

रविवारी दवाखाना बंद असायचा, पण सकाळी दहाला पोस्टमन आला. उंचापुरा माणूस, एक गाल फुगलेला, गळ्यात कामाची पिशवी सुटीच्या दिवशीही तशीच. रात्रभर झोपला नव्हता. दातबाईने त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याला कागदी रुमाल बांधला, मागची दाढ तपासली आणि बधिर करायचं इंजेक्शन दिलं. "दहा मिनिटं स्वस्थ बसा. ओठ जड झाला की आपण काढू," असं सांगून ती अंगणात डोकावायला गेली. फोरमन आला होता.

अंगणाची खिडकी उघडी होती. खुर्चीत एकट्या बसलेल्या पोस्टमनला पुढचं सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"आता दयामाया नाही," फोरमन सांगत होता. "चार दिवस प्रेमाने घेतलं. मुळापासून धरलंय ते. मास्तर, मोठी छिन्नी दे. तो हातोडा नको, त्याच्याहून मोठा. डॉक्टर, तुम्ही बाजूला व्हा, तुकडे उडतील."

"आणि आतमध्ये लागलं तर?" दातबाईचा आवाज.

"लागलं तर उघडून बघू."

थोड्या वेळाने अंगणाच्या दारात पोस्टमन उभा होता. रुमाल गळ्यात तसाच, पिशवी छातीशी धरलेली, आणि एका बाजूने बधिर झालेल्या तोंडाने तो म्हणत होता, "मी नंतल येतो म्हनतो. आता बलं वाततंय."

मग त्याची नजर मोटारसायकलवर गेली, फोरमनच्या हातातल्या छिन्नीवर गेली, आणि तो दाराला टेकून खाली बसला. मास्तरला हसू आवरेना. फोरमनला काय झालं ते कळलंच नव्हतं. त्याला ओरडून सांगावं लागलं, आणि सांगितल्यावर तो अर्धवट हसला. गेल्या चार दिवसांत तो पहिल्यांदाच हसत होता.

दातबाईने पोस्टमनच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. दातावर छिन्नी कुणी चालवत नाही. घट्ट दात मी कधी सरळ ओढतसुद्धा नाही. ओढला की तुटतो. आधी तो आत दाबायचा, जिथून काढायचा त्याच्या उलट. तिथे जरा हलला की मग बाहेर, परत आत, असा डोलवत डोलवत..."

ती बोलता बोलता थांबली आणि नटाकडे बघत राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "छिन्नीच्या आधी एकदा तो आत दाबून बघा ना."

"आत म्हणजे?"

"उजवीकडे. थोडा आणखी घट्ट करा. गंज तुटला तर मग सोडवा."

फोरमनने छिन्नी खाली ठेवली नाही. "डॉक्टर, चार दिवस ज्याला सोडवतोय त्याला घट्ट करू?"

"एकदाच. नाही झालं तर छिन्नी आहेच."

मास्तर म्हणाला, "दादा, तिचं ऐक. मी तीस वर्षं ऐकतोय, माझं काही वाकडं झालं नाही."

फोरमनने खांदे उडवले आणि पाइप उचलला. मास्तर त्याच्या मदतीला हवा होता, म्हणून ब्रेकवर दुसरा माणूस लागणार होता. पोस्टमनने आपणहून पिशवी भिंतीशी ठेवली आणि गाडीवर टांग टाकली. पाय लांब असल्यामुळे तो शोभूनही दिसला. "दाबा," फोरमन म्हणाला, आणि दोघा भावांनी पाइप उजवीकडे दाबला.

कट्ट असा आवाज झाला. सुकं लाकूड मोडावं तसा.

"हलला," मास्तर म्हणाला.

"हलला म्हणजे घट्ट झाला," फोरमन म्हणाला. "आता डावीकडे." डावीकडे पाइप सहज आला आणि पहिल्या जागी येऊन ठप्प थांबला. पुन्हा उजवीकडे नेला, तर मघापेक्षा पुढे गेला. पुन्हा डावीकडे, पुन्हा ठप्प.

दातबाई आरसा घेऊन खाली बसली होती. "आणखी उजवीकडे घ्या."

"अहो, आटे तुटतील."

"घ्या तर खरं."

पाइप अर्धा फेरा उजवीकडे गेला. दातबाईने नटाच्या कडेवर बोट ठेवलं. "भाऊजी, हा बाहेर येतोय. शाफ्टचे नवे आटे दिसायला लागलेत, बघा. चकचकीत आहेत."

फोरमन गुडघ्यावर बसला. चष्मा कपाळावर चढवला, परत डोळ्यांवर घेतला. पाइप काढला, पाना काढला, आणि चिमटीत धरून नट उजवीकडे फिरवला. नट बाटलीच्या झाकणासारखा फिरत बाहेर येत राहिला. शेवटी त्याच्या तळहातावर पडला.



"उलटे आटे," फोरमन म्हणाला. अगदी हळू आवाजात. तो एवढं हळू बोलू शकतो हे मास्तरलाही माहीत नव्हतं. "हा नट उलट्या आट्यांचा आहे. चार दिवस मी हा आवळतोय."

दातबाईला वाटलं, आता हा पेटी उचलेल आणि जाईल, आणि परत येणार नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळणार, भाऊजी? कुठे लिहिलंय थोडंच."

"मला कसं कळणार?" फोरमनने तिच्याकडे बघितलं. "डॉक्टर, आमच्या जुन्या बसगाड्यांना डाव्या चाकांचे सगळे नट उलट्या आट्यांचे असायचे. नवा माणूस डेपोत आला की पहिल्या दिवशी मी त्याला डाव्या चाकाशी उभा करायचो. नट काढ म्हणायचो. तो बिचारा घामाघूम होईस्तोवर आवळत बसायचा, आणि मी बाकड्यावर चहा पीत बघत बसायचो. तीस वर्षं. एकालाही सोडलं नाही." त्याने तळहातावरचा नट उलटसुलट करून पाहिला. "आज कुणीतरी माझा चहा प्यायला."

आणि तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज आला, मग तो फरशीवर मागे हात टेकून मनसोक्त हसत सुटला. त्याला बघून मास्तर हसला, मास्तरला बघून दातबाई. पोस्टमन ब्रेक दाबूनच बसला होता, कारण सोडा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो अर्ध्या तोंडाने हसत होता आणि उरलेलं अर्धं हाताने धरून होता.

"सगळ्या गल्लीने दात काढले," दातबाई डोळे पुसत म्हणाली. "ज्यांचा काढायचा ते राहिलेच. चला आत, बधिरपणा उतरेल."

पोस्टमनची दाढ दोन मिनिटांत निघाली. आत दाबली, डोलवली, निघाली. तो खुर्चीत "झालं?" असं डोळ्यांनीच विचारत असताना दातबाईची नजर ट्रेमधल्या सिरिंजवर पडली. तिने एक नवी सिरिंज उचलली, तिला बोथट सुई लावली आणि ती घेऊनच बाहेर आली. मागोमाग कापसाचा बोळा चावत पोस्टमन. त्याला घरी जायला सांगितलं होतं, पण आता तो जाणार नव्हता.

नट निघाला होता, चक्र मात्र शाफ्टवर तसंच धरून बसलं होतं. शाफ्टला लांबीत खाचा होत्या आणि त्या खाचांत गंज शिरला होता. फोरमनने हाताने ओढून पाहिलं, लाकडी दांड्याने ठोकून पाहिलं. हललं नाही.

"तेल वरून ओतलं तर बाहेरच वाहून जातं," दातबाई म्हणाली. तिने सिरिंजमध्ये गंजाचं तेल भरलं आणि सुई खाचेच्या तोंडाशी टेकवून थेंब थेंब आत सोडलं. एक खाच, मग शेजारची, मग तिच्या शेजारची. तिचा हात अजिबात हलत नव्हता. फोरमन श्वास रोखून बघत होता. अशी सफाई त्याने डेपोत एकाच माणसाच्या हातात पाहिली होती, आणि तो माणूस डिझेलचे पंप जुळवायचा.

"बधिर व्हायला किती वेळ?" त्याने विचारलं.

"दहा मिनिटं. स्वस्थ बसा."

सगळे रांगेत भिंतीशी बसले. जाऊबाईंचा फोन आला तेव्हा फोरमन ओरडून म्हणाला, "आत्ता नाही, पेशंट टेबलावर आहे," आणि फोन ठेवून दिला.

दहा मिनिटांनी त्याने पेटीतून टायर काढायच्या दोन पट्ट्या काढल्या, इंजिनाचं आवरण चेपू नये म्हणून त्यांच्याखाली लाकडाचे तुकडे बसवले, आणि पट्ट्या दातबाईपुढे धरल्या.

"मी?" ती म्हणाली.

"तुम्हीच. मी ओढलं तर मोडेन. तुम्ही डोलवा."

ती पाटावर बसली. डावी पट्टी जराशी दाबली, सोडली, उजवी दाबली. मनगटांतूनच, खांदा न लावता. डावी, उजवी. काही होत नव्हतं, पण तिला काही व्हायची घाईही नव्हती. मधेच ती थांबली, चक्र किंचित फिरवून घेतलं, सुईने आणखी दोन थेंब सोडले आणि परत सुरू झाली. मास्तरने हे डोलवणं तिच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं, पण तिला काम करताना इतक्या जवळून तो आजच बघत होता. तिची जीभ दातांत धरलेली असते, हे त्याला तीस वर्षांत माहीत नव्हतं.

"आलं," ती स्वतःशीच म्हणाली. "आलं, आलं, ये."

तांबूस गंजाचा चिखल शाफ्टभोवती बाहेर आला. चक्र केसभर सरकलं, मग बोटभर, आणि एकदम सुटून तिच्या मांडीवर पडलं. पांढरा कोट काळा झाला. तिने चक्र उचलून दोन्ही हातांत वर धरलं, जसं ती पेशंटला दात दाखवते तसं, आणि पोस्टमनने बोळा चावत टाळ्या वाजवल्या.

"मुळासकट," ती म्हणाली.

नवीन चक्र बसवायला अर्धा तास लागला. नट आवळताना फोरमनने पाना धरला, डावीकडे वळवला आणि थांबून सगळ्यांकडे बघितलं. "कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. चेन चढली. दातबाईने किक मारली. पहिल्या दोन किकांना गाडी खोकली, तिसऱ्याला सुरू झाली, आणि शेजारच्या खिडकीतल्या कपबशा वाजायला लागल्या. गाडी जागेवरच फिरवून घेऊन ती गल्लीतून एक चक्कर मारून आली. परत आली तेव्हा पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी उभा राहून लोकांना हातवारे करून बाजूला करत होता.

मंगळवारी परीक्षेला तिघे गेले. आठच्या आकड्याच्या दुसऱ्या वळणात तिचा पाय जमिनीला टेकता टेकता राहिला. परीक्षक कागदावर काहीतरी लिहीत होता म्हणून त्याला दिसलं नाही, किंवा दिसूनही त्याने लिहिलं नाही. बाहेर फोरमन एका अनोळखी उमेदवाराला चार दिवसांची गोष्ट सांगत होता. सगळी खरी सांगत होता, आपण किती जोर लावला तेसुद्धा, आणि सांगताना इतका रंगला होता की ती पास झाल्याचं त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

परत येताना मास्तर म्हणाला, "दादा, तू बस तिच्या मागे. मी बसने येतो."

फोरमन जन्मात कुणाच्या मागे बसला नव्हता. तो बसला. पहिल्या चौकापर्यंत तो "क्लच हळू," "आता तिसरा," "उजवीकडे ट्रक आहे," असं सांगत होता. पुलाच्या चढावर दातबाई मान न वळवता म्हणाली, "भाऊजी, दहा मिनिटं स्वस्थ बसा."

तो बसला. पूल लांब होता. खाली नदीत कुणीतरी नाव वल्हवत होतं. वारा समोरून येत होता. मधोमध आल्यावर फोरमनने सीटची कडी सोडली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.